निरोप हवेतून अकरा मिनिटांत, दारातून पाऊण तासात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागात झालेल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या रंगीत तालमीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. बोटी वेळेवर आल्या, जीवरक्षक जॅकेटे पुरेशी होती, पुरात ‘अडकलेल्या’ माणसाला दोराने बाहेर काढण्याचे प्रात्यक्षिकही नीट पार पडले, हे वाचून समाधान वाटले. मात्र वृत्ताच्या अखेरीस एक वाक्य होते, की सर्व विभागांच्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा एक गट करण्यात आला होता आणि सर्व सूचना त्यावरूनच देण्यात आल्या. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ज्या रात्री त्या बोटी खरोखरच लागतील, त्या रात्री मोबाइलचा मनोरा चालू असेल, हे या तालमीत धरूनच चालले होते. तपासून पाहायला हवी होती ती गोष्ट तशीच राहून गेली.

मी औशात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. आम्हाला ‘हॅम’ म्हणतात. रेडिओ म्हटले की लोकांना निवेदक आठवतो, त्यामुळे ‘तुम्ही कोणती गाणी लावता?’ असे विचारणारे मला अजूनही भेटतात. आमच्या रेडिओवर गाणी लावायला बंदी आहे आणि धंद्याचे बोलायलाही बंदी आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, त्याबरोबर मिळालेले ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाव, म्हणजे कॉल साइन, प्रत्येक संभाषणात उच्चारायचे आणि ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या यंत्राने दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे, एवढाच हा छंद आहे. मधे कोणतीही कंपनी नाही, मनोरा नाही, जमिनीखालची तार नाही. दोन्ही टोकांना यंत्र, बॅटरी, अँटेना आणि ती वापरता येणारा माणूस असला की पुरते. यातला माणूसच सर्वांत दुर्मीळ आहे, म्हणून सराव करावा लागतो.

मराठवाड्यात हा विषय किल्लारीपासून सुरू करणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही लातुरात राहत होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, सारी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली; पण नेमके काय आणि कोठे झाले आहे हे उजाडेपर्यंत कोणालाच सांगता येईना. माझे मामा सास्तूरजवळच्या एका खेड्यात राहत असत. वडिलांनी शेजाऱ्यांच्या घरचा फोन चार-पाच वेळा फिरवून पाहिला आणि अखेर दुपारी एका टेम्पोत बसून ते निघाले. मामा जिवंत असल्याचे आम्हाला कळले ते तिसऱ्या दिवशी, वडील परत आल्यावर. त्या भूकंपात सुमारे १० हजार माणसे गेली. मामा त्यांत नव्हते, तरी ते दोन दिवस आमच्या घरी चूल पेटली नव्हती, आणि अशी घरे त्या वेळी किती असतील याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही.

लातूरच्या त्या मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले, पुढे २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही केले. परंतु बाहेरून येणाऱ्या माणसाला पोहोचायला वेळ लागतो आणि निकड तर पहिल्या काही तासांतच अधिक असते. या संदर्भात २००४ चे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक त्या डिसेंबरात रेडिओच्याच एका मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला सुनामी आली तेव्हा त्यांचे यंत्र, अँटेना आणि देशभरातून त्यांचा आवाज ऐकणारी माणसे, हे सारे आधीपासूनच जागेवर होते. म्हणून मुख्य भूमीपर्यंत त्या बेटांची खबर आणि तेथे अडकलेल्यांची खुशाली लगोलग जाऊ शकली. तो योगायोग होता हे मान्य; पण योगायोगाने जे अंदमानात जागेवर होते, ते मराठवाड्यात ठरवून जागेवर ठेवता येईल की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता मोबाइल आहे, मग हे जुने खूळ कशाला, असे विचारले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातली गावे रात्रीतून पाण्याखाली गेली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. त्यानंतर महिनाभरात धाराशिव, बीड, जालना या जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली आणि परांडा-भूम परिसरात पुराने वेढलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. हिंगोली जिल्ह्यात तर जमीन अधूनमधून बोलतच असते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ चे ४.५ तीव्रतेचे धक्के तिकडच्या लोकांना आठवत असतील. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, पुढे जनरेटरला डिझेल लागते आणि डिझेल घेऊन येणाऱ्याला रस्ता लागतो. मनोऱ्याला जोडणारी ऑप्टिकल फायबरही बहुधा त्याच रस्त्याच्या कडेने गेलेली असते, त्यामुळे पूल वाहून गेला की फायबरही जाते. यांपैकी काहीच झाले नाही, तरी सगळा तालुका एकाच वेळी नातेवाइकांना फोन लावू लागला की मनोरा उभा असूनही कॉल लागत नाही, हे तर जत्रेतही अनुभवता येते.

आमच्या साधनांविषयीही अवाजवी समज नसावा. हातातला पाच वॅटचा वॉकीटॉकीसारखा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि साधारण नजरेच्या टप्प्यात बोलतो. मधे टेकाड किंवा खोलवा आला की संपले. लातूरपासून किल्लारी चाळीसेक किलोमीटर, एवढे अंतर तो जमिनीवरून तोडत नाही. मधे कोणी तरी निरोप घेऊन पुढे द्यावा लागतो. लांबच्या अंतरासाठी ७ मेगाहर्ट्झची लहर आहे. त्यासाठी दहा-दहा मीटरच्या दोन तारांचा डायपोल, म्हणजे तारेचीच अँटेना, जमिनीपासून जेमतेम पाच-सहा मीटर उंच, आडवा बांधायचा. तो मुद्दाम बुटका ठेवायचा, म्हणजे लहरी सरळ वर जातात आणि वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून परतून दोन-अडीचशे किलोमीटरच्या परिघात पावसासारख्या खाली येतात. डोंगर आडवा येण्याचा प्रश्नच उरत नाही. दिवसा या पद्धतीने औशाहून नांदेड, बीड, छत्रपती संभाजीनगर सहज ऐकू येते. मात्र रात्र चढू लागली की तो थर विरळ होतो, जवळची स्थानके बुडतात आणि दूर देशीची बोलू लागतात, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि त्यासाठी तार दुप्पट लांब लागते. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता. दुपारी चहा पिता पिता केलेला सराव त्या वेळेला उपयोगी पडत नाही, ही गोष्ट आम्हालाही उशिराच उमगली.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सात जणांनी मिळून असा सराव केला. तेरणेला पूर आला आहे, किल्लारीकडचा मोबाइल आणि वीज दोन्ही गेली आहेत, आणि तिथल्या निवारा केंद्रातला निरोप लातुरातल्या एका शासकीय कार्यालयात पोहोचवायचा आहे, अशी कल्पना केली होती. दोघे किल्लारीत, एक जण जीपच्या टपावर चुंबकी अँटेना बसवून लामजना पाटीवर, मी औशात माझ्या गच्चीवर, दोघे लातुरात आणि एक अंबाजोगाईत. सकाळी आठ ते अकरा सर्वांनी मोबाइल बंद ठेवायचे, ही अट होती. सर्वांत अवघड तीच ठरली. ‘अँटेना आणखी वर घेऊ का?’ असे विचारायला आमच्यातल्याच एकाने पहिल्या दहा मिनिटांत मला फोन केला, आणि तो मी उचललाही.

गच्चीवर मी यंत्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवत होते. शंभर वॅटच्या संचाला बोलताना वीसेक अँपिअर लागतात, ऐकताना अगदी थोडे. म्हणून बोलणे थोडके आणि ऐकणे फार, ही शिस्त बॅटरीच लावते. बारा व्होल्टची बॅटरी आज प्रत्येक गावात पाच-पन्नास ठिकाणी आहे, ही आपल्या भागाची मोठी जमेची बाजू आहे. साडेआठच्या सुमारास यंत्राचा काटा एकाएकी बिघडला, जाणारी शक्ती तारेवरून परत येऊ लागली. पाहते तो शेजारच्या काकूंनी डायपोलला धुण्याची दोरी समजून त्यावर ओली गोधडी टाकलेली. प्रसारण चालू असताना उघड्या तारेला हात लागला तर चांगलेच भाजते, त्यामुळे हसून सोडण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पुढच्या खेपेपासून तारेला लाल चिंध्या बांधायचे ठरले. शेतातल्या काही सौरपंपांच्या नियंत्रकांतून येणारी खरखर ही दुसरी अडचण. तिच्यावर मात्र जागा बदलण्याखेरीज उपाय सापडला नाही.

निरोपासाठी आम्ही एक छापील नमुना केला आहे. त्यात निरोपाचा क्रमांक, तातडीचा दर्जा, कोणाकडून, कोणासाठी, मजकूर, शब्दांची संख्या आणि वेळ एवढ्या गोष्टी असतात. घेणाऱ्याने पूर्ण मजकूर परत वाचून दाखवायचा आणि देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही. किल्लारीहून निघालेला पहिला निरोप असा होता: ‘निवारा केंद्रात पावणेदोनशे माणसे, दोन बाळंतिणी, पिण्याचे पाणी आणि ओआरएस हवे.’ लामजन्याहून तो माझ्याकडे आला तेव्हा खरखर वाढली होती, मला घाई झाली होती, आणि परत वाचून न दाखवताच मी तो लातूरला दिला. लातुरात माणसे दोनशे झाली. ‘पावणे’ कोठे तरी हवेत विरले होते. संध्याकाळी कागद ताडून पाहताना चूक सापडली आणि ती माझीच होती.

इंग्रजीत हा सराव करणाऱ्यांना ही अडचण येत नसावी. आपल्या भाषेत पावणे, सव्वा, दीड, अडीच आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर आहेत. बेचाळीस आणि बेचाळीसशे आहेत. समोरासमोर बोलताना ती सोयीची असतात, पण खरखरीतून ऐकणाऱ्याला त्यांतला अर्धाच शब्द मिळतो. आता आम्ही आकडा फोडून सांगतो: एक, सात, पाच. गावांच्या नावांचेही तसेच. औसा तालुक्यात उजनी नावाचे गाव आहे, आणि ‘उजनीला पाणी वाढले’ एवढेच ऐकणाऱ्याला सोलापूर जिल्ह्यातले धरण आठवणार हे उघड आहे. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव यांची तर मोजदादच नको. म्हणून गावाच्या नावापाठोपाठ तालुका सांगणे सक्तीचे केले, आणि नाव नीट लागत नसेल तर कॉल साइनसाठी वापरतो त्या अल्फा-ब्राव्हो या इंग्रजी अक्षरनावांऐवजी ‘क कमळाचा, ग गणपतीचा’ अशी अंकलिपी वापरायचे ठरवले. पन्नाशीतल्या माणसांनी गच्चीवर उभे राहून मोठ्याने अंकलिपी म्हणणे शेजाऱ्यांना कसे दिसले असेल, ते वेगळे.

या सर्व गोंधळातही किल्लारीहून सुटलेला निरोप लातुरातल्या आमच्या माणसाच्या हाती अकराव्या मिनिटाला लिहिलेला होता. तेथून ज्या कार्यालयाला तो द्यायचा होता ते चालत पाच मिनिटांवर. सरावाचे लेखी पत्र आम्ही तेथे आधी देऊन ठेवले होते आणि त्याची पोचही आमच्याकडे होती. फाटकावरच्या रखवालदाराने नोंदवहीत नाव-गाव लिहून घेतले आणि आज रविवार असल्याचे नम्रपणे सांगितले. आत ज्यांच्याकडे जबाबदारी होती ते गृहस्थही सौजन्याने वागले. परंतु हा कागद कोणत्या वहीत चढवायचा, कोणाला दाखवायचा आणि त्यावर सही कोण करणार, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. अखेर त्यांनी आमच्या सहकाऱ्याला विचारले, ‘याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?’ हे सगळे होईपर्यंत पाऊण तास गेला होता. त्या कार्यालयाचे नाव मी घेत नाही, कारण मराठवाड्यातल्या आठांपैकी कोणत्याही जिल्ह्यात याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही, आणि त्या गृहस्थांना दोष देण्याचेही कारण नाही. जो निरोप कधी आलाच नाही, तो घ्यायचा कसा हे त्यांना माहीत असणार तरी कसे?

म्हणून आमचे आम्ही कितीही सराव केले तरी ते अर्धेच राहणार. हवेतला भाग आमचा आहे, दाराच्या आतला भाग प्रशासनाचा आहे, आणि दोन्हींची तालीम एकत्र झाल्याशिवाय या साखळीचा भरवसा धरता येणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. तेव्हा यासाठी नवा विभाग नको, निधी नको, आमच्यासाठी यंत्रेही नकोत. जिल्हा नियंत्रण कक्षात एक टेबल, गच्चीपर्यंत तार नेण्याची परवानगी, निरोप स्वीकारून सही करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे नाव आणि परवानाधारकांची तालुकावार यादी एवढे ठरले तरी बरेच काम होईल. आणि पुढच्या रंगीत तालमीत दोन तास सर्व अधिकाऱ्यांचे मोबाइल एका टोपलीत ठेवावेत, ही विनंती. त्या दोन तासांत काय काय अडते, याची यादी आमच्या कोणत्याही निवेदनापेक्षा उपयोगी ठरेल.

जिल्ह्यांच्या सीमांचाही विचार या तालमीत व्हावा. किल्लारी लातूर जिल्ह्यात आणि सास्तूर धाराशिव जिल्ह्यात, पण तेरणेला पूर आला की दोन्हींचे दुःख एकच. मांजरा धरणाची भिंत बीड जिल्ह्यात, धनेगावला. दरवाजे उघडले की पाणी खाली लातूरकडे येते. नियंत्रण कक्ष मात्र ज्याचे त्याचे वेगळे. रेडिओच्या लहरीला जिल्हा ठाऊक नसतो, त्यामुळे केज, कळंब आणि लातूर यांना एका नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर, एकत्र आणणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

पोलिसांची बिनतारी यंत्रणा असताना तुमचे काय काम, असाही प्रश्न येईल. पोलिसांची यंत्रणा आमच्याहून कितीतरी बळकट आहे आणि तिची जागा घेण्याचा विचार कोणाच्या मनात नाही. परंतु तशा वेळी ती बंदोबस्त आणि बचाव यांतच गुंतलेली असते. निवाऱ्यात किती दूधपावडर लागेल, डायलिसिसचा रुग्ण कोठे अडकला आहे, पोहोचलेला टँकर परत केव्हा पाठवायचा, असे निरोप तिच्यावर टाकणे योग्यही नाही. तिऱ्हाइताचे निरोप पोचवण्याची मुभा आम्हाला एरवी नसते, ती आपत्तीच्या काळापुरती मिळते. आमचे बोलणे सांकेतिक भाषेत लपवण्यास मनाई आहे, कोणीही साधा संच लावून ते ऐकू शकतो. म्हणून मृतांची नावे आम्ही हवेवर घेत नाही आणि ऐकीव माहिती पुढे सरकवत नाही. बोलावल्याशिवाय संच घेऊन घटनास्थळी धावून जाणारा हॅम हा मदतीपेक्षा ओझेच अधिक असतो, हे आमच्यातल्या उत्साही मंडळींना मी या पत्राद्वारेही सांगते.

आमची संख्या फार थोडी आहे, हे खरे दुखणे आहे. परवान्यासाठी वयाची अट फक्त १२ वर्षांची. खालच्या श्रेणीच्या परीक्षेला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, सक्ती नाही, प्राथमिक रेडिओशास्त्र आणि नियम एवढाच अभ्यास असतो, आणि अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांना तो जड जाऊ नये. मला मात्र परीक्षेसाठी मुंबईला जावे लागले होते आणि अर्ज केल्यापासून परवाना हाती पडेपर्यंत बरेच महिने गेले होते. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी यंदा तयारी केली आहे. त्यांची परीक्षा लातुरात किंवा निदान मराठवाड्यात झाली, तर त्यांच्या घरचे त्यांना पाठवतील.

आमचा पुढचा सराव रात्री ठेवला आहे, ३.५ मेगाहर्ट्झवर, पहाटे तीन ते पाच. त्यासाठी तार चाळीस मीटरची लागेल आणि माझ्या गच्चीवर ती मावत नाही. लातुरातल्या एखाद्या शासकीय इमारतीची गच्ची त्या एका रात्रीसाठी मिळाली, तर तार, बांबू, बॅटरी सर्व आम्ही घेऊन येऊ. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, एवढे कोणी कळवावे.

आपली,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक
औसा, जि. लातूर